लातूर : सोलर गीझर काचेच्या नळ्यांचा घ्यावा का तांब्याच्या पॅनेलचा? बोअरचं पाणी लई जड आहे

औसा रोड (लातूर)

नमस्कार मंडळी. घराचं बांधकाम चालू आहे, खाली-वर दोन मजले. स्लॅब पडलेत, प्लास्टर चाललंय, बाथरूमचे पाइप अजून भिंतीत गाडले नाहीत. म्हणजे जे ठरवायचं ते आत्ताच. नंतर टाइल्स फोडायची माझी ऐपत नाही आणि बायकोची परवानगी तर त्याहून नाही.

घरात सहा माणसं. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन लेकरं. बाबांचं म्हणणं, घरात तांब्याचा बंब आहे, शेतातून तुऱ्हाट्या येतात, सोलर पाहिजे कशाला? पण बंब पेटवणार कोण, तर आई, आणि तिचे गुडघे गेलेत. त्यामुळं बंबाचा विषय मी घरात संपवलाय, इथं कुणी काढू नका.

दुकानदार तीन पाहिले. पहिला म्हणूलालाय, काचेच्या नळ्यांचा २०० लिटर घ्या, सगळ्या लातुरात तोच आहे. दुसरा म्हणतो, नळ्या म्हणजे एका गारपिटीत खेळ खलास, तांब्याच्या पॅनेलचा ३०० लिटर घ्या, प्रेशरवाला. त्याची किंमत पहिल्याच्या दुप्पट. तिसऱ्यानं खिशातून टीडीएसचं मीटर काढलं, आमच्या बोअरच्या पाण्यात बुडवलं, ११०० आकडा दाखवला आणि असा चेहरा केला की जणू माझाच रिपोर्ट आलाय. मग म्हणाला, पाइपला लावायचं एक चुंबक आहे, तेही घ्या.

पाण्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. आता तशी वेळ नाही, पण नळ आठ-दहा दिवसाला येतो. ते पाणी मांजरा धरणाचं, गोडं. बाकी सगळं बोअरवर. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोट्या पांढऱ्याफटक पडतात.

तर नळ्या का पॅनेल? २०० का ३००? आणि इंजिनिअर म्हणतो वर प्रेशर पंप बसवू, शॉवर चांगला चालेल. बसवावा का? ज्यांच्या घरी काही वर्षं सोलर चाललाय त्यांनीच सांगा, कंपन्यांचे व्हिडिओ पाहून झालेत.

जालनेकर

नळ्यांचा २०० घ्या न् मोकळे व्हा. आमच्याकडं बोअरच आहे, व्यवस्थित चालतो. दरवर्षी दिवाळीच्या आधी माणूस बोलावून नळ्या काढून धुऊन घेतो, पांढरी खडी निघते वाटीभर. गारपिटीचं भ्या दाखवणारे बरेच भेटतील. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवते ना? तशा गारांत आमच्या गल्लीत पत्रे अन् गाड्यांच्या काचासुद्धा टिकल्या नाहीत. तसली गार पडली तर काय टिकतंय? आमच्या नळ्यांना गारांपेक्षा पोरांच्या क्रिकेटनं जास्त छळलंय.

पान्हा-पक्कड (परभणी)

औसा रोडवाले भाऊ, मी नळजोडणीचं काम करतो. सोलर विकत नाही, लोकांनी घेतलेले बसवतो आणि बिघडलेले दुरुस्त करतो. म्हणून माझा चष्मा वेगळा आहे, तो धरून वाचा.

सगळे दुकानदार तुम्हाला उन्हाचं सांगायलेत. ऊन आपल्याकडं फुकट आणि भरपूर आहे. आमच्या परभणीत डिसेंबरात कडाका पडतो, अंगणात पाय ठेववत नाही, पण आभाळ निरभ्र असतं, त्यामुळं त्याच दिवशी संध्याकाळी टाकीतलं पाणी हात भाजेल असं असतं. मराठवाड्यात सोलर उन्हावाचून बंद पडलेला मी पाहिला नाही. बंद पडतो तो पाण्यानं. एकतर पाणी जड, नाहीतर पाणी नाही. तुमच्याकडं दोन्ही आहे.

आधी जड पाण्याचं. पाणी साठ अंशांच्या पुढं तापलं की त्यातला चुना झपाट्यानं बाहेर पडतो आणि जागा मिळेल तिथं बसतो. तांब्याच्या पॅनेलमध्ये उभ्या नळ्या बोटाएवढ्या बारीक असतात. त्यात थर धरला की पाणी फिरायचं थांबतं. वरून पॅनेल चकाचक दिसतं, हात लावला तर तापलेलंही असतं, पण टाकी गार. मग ॲसिडनं धुवायचं, आणि दर धुण्याला तांबं थोडं खाल्लं जातं. काचेच्या नळीचं तोंड रुंद असतं, खडी खाली तळाशी जमते, नळी बाहेर काढून साफ करता येते. जालनेकर म्हणतात ते खरं आहे. बोअरचं पाणी थेट सोडायचं असेल तर पॅनेल घेऊ नका, मग तो कितीही भारी असो. पॅनेलमध्ये वेगळं पाणी फिरवून टाकीतलं पाणी बाहेरून तापवायचा प्रकारही मिळतो, त्यात खडीचा त्रास वाचतो, पण पैसे आणखी वाढतात.

मीटरवाल्याचं एक सांगतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. त्यात साधं मीठही आलं, आणि मीठ काही थर धरत नाही. तुम्हाला बघायचाय तो कठीणपणा, इंग्रजीत हार्डनेस म्हणतात तो. पिण्याच्या पाण्याला तो २०० पर्यंत चांगला मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. भूजल सर्वेक्षणची जिल्ह्याला प्रयोगशाळा असते, बाटलीभर पाणी तिथं द्या. त्याच रिपोर्टमध्ये क्लोराइडही बघा. क्लोराइड जास्त असेल तर साध्या ३०४ स्टीलच्या टाकीला वेल्डिंगच्या जागी बारीक छिद्रं पडतात. मग आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी बघा, आणि तिच्यात मॅग्नेशियमचा दांडा असतो तो वेळच्या वेळी बदला. तो दांडा टाकीच्या ऐवजी स्वतः झिजतो, त्याचं कामच ते. दुकानदार दांड्याचं सांगत नाहीत, कारण मग दरवर्षी यावं लागतं.

चुंबकाला माझ्या खिशातले पैसे मी देणार नाही. पाणी मऊ करायचं मिठाचं यंत्र खरंच काम करतं, पण ते धुवायलाच पाणी वाया जातं. लातुरात कुणी सांगितलंय ते?

आता मुद्द्याचं. तुमच्याकडं मांजराचं गोडं पाणी येतं ना? ते सोलरला द्या! सहा माणसं बादलीनं अंघोळ करणार. वीस लिटरच्या बादलीत साठ अंशांचं निम्मं आणि गार इसण निम्मं, म्हणजे माणशी दहा लिटर गरम. सहा जणांचे साठ, वर भांडी-बिंडी धरून शंभर म्हणा. दहा दिवसांचे झाले हजार. गच्चीवर हजार लिटरची एक वेगळी टाकी फक्त नळाच्या पाण्याची ठेवा आणि तिचा एकच पाइप सोलरला द्या. संडास, धुणं, फरशी सगळं बोअरच्या दुसऱ्या टाकीवर. पाइप भिंतीत गाडायच्या आधी हे केलं तर खर्च टाकी आणि थोड्या पाइपांचा. नंतर कुणी करत नाही, मी सांगून सांगून थकलोय.

दोन्ही टाक्यांना जोडणारा एक व्हॉल्व्ह मात्र ठेवा. नळ पंधरा दिवस नाही आला तर बोअरचं सोडता येईल.

याच हिशेबानं ३०० ची गरज नाही. मोठा घेतला की पाणी वापरलं जात नाही, उन्हाळ्यात तेच तेच तापत राहतं, आणि जितकं तापेल तितकी खडी.

सिडकोकर (छत्रपती संभाजीनगर)

सगळं ठीक, पण २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. वीज बनवणारे पॅनेल टाका, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते. पाणी तापवायच्या सोलरची केंद्राची सबसिडी २०१४ मध्येच बंद झाली. पॅनेल टाका, साधा गीझर लावा, खडी नाही, नळ्या नाहीत, गळती नाही. सोलर वॉटर हीटर ही जुनी गोष्ट झाली.

पान्हा-पक्कड (परभणी)

सिडकोकर, तुमचं निम्मं मान्य. हिशेब करू. शंभर लिटर पाणी वीसवरून पंचावन्न अंशांवर न्यायला चार युनिट लागतात. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे या घरच्या गरम पाण्याला एक किलोवॅट पुरतं, आणि एप्रिल-मे मध्ये गरम पाणी कुणाला नको असतं तेव्हा तीच वीज कूलरला लागते. सोलर गीझर तेव्हा नुसता उकळत बसतो. ज्याला तसंही ३ किलोवॅट टाकायचंय आणि ज्याची गच्ची मोठी आहे, त्यानं तुमचं ऐकावं.

पण खडी नाही म्हणता ते पटत नाही. विजेच्या गीझरची कॉइल बोअरच्या पाण्यात कशी होते ते मला विचारा, दुकानात पोतंभर जमा आहेत. आणि लाइट गेली की ते छतावरचे पॅनेलही बंद होतात, बॅटरी नसेल तर. लाइन दुरुस्त करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. सकाळी सहाला लाइट नसेल तर सहा माणसं काय करतील? कालच्या उन्हाचं पाणी टाकीत असतं, ते लाइटला विचारत नाही.

गोदाकाठची (नांदेड)

पान्हा-पक्कड दादांनी यंत्राचं सांगितलं, मी वापरायचं सांगते, कारण सकाळी बाथरूमचा दरवाजा वाजवणारी मीच असते.

नळ उघडला की आधी गार पाणी येतं. आमचं स्वयंपाकघर तळमजल्यावर आणि टाकी दोन मजले वर, त्यामुळं गरम यायला वेळ लागतो. लोक ते गार पाणी मोरीत सोडून देतात. मी तिथं कायमची एक बादली ठेवली आहे, ते इसणाला नाहीतर भांडी विसळायला जातं. तुम्ही आत्ताच बाथरूम एकावर एक घेतले असतील तर सोलर बरोबर त्यांच्या वर ठेवा. पाइप जितका आखूड तितकं बरं. आणि स्वयंपाकघराला गरम पाण्याची लाइन घ्याच. पुरुष मंडळी ती विसरतात. थंडीत तेलकट भांडी गार पाण्यानं घासून बघा एकदा.

दुसरं, लेकरांचं. मे महिन्यात नळ्यांच्या सोलरचं पाणी चहा करता येईल इतकं तापतं. माझा लहान मुलगा नळ फिरवायला शिकला तेव्हापासून आम्ही उन्हाळ्यात निम्म्या नळ्या बारदान्यानं झाकून टाकतो. बाथरूममध्ये गरम नळ उंचावर घेतला तर आणखी चांगलं.

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही. श्रावणात चार-पाच दिवस झड लागली की पाणी कोमट होतं, अंघोळीपुरतं नाही. दुकानदारानं टाकीतच विजेची कॉइल टाकून दिली होती. ती लावली की सगळे दोनशे लिटर तापवत बसते. आम्ही ती काढून टाकली आणि खालच्या बाथरूममध्ये पंधरा लिटरचा छोटा गीझर लावला. सोलरचं कोमट पाणीच त्यात जातं, त्यामुळं पटकन तापतं.

औसा रोड (लातूर)

दादा, दोन टाक्यांचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "गोडं पाणी अंघोळीला? पिऊन उरलं तर!" त्यांना हजार लिटरचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. पिण्याचं खाली हौदात राहणार हे पटल्यावर गप्प झाले. म्हणजे मान्य.

ताई, स्वयंपाकघराची लाइन खरंच नकाशात नव्हती. आता बायकोनं स्वतः मिस्त्रीला फोन केलाय.

प्रेशर पंपाचं राहिलं. आणि नळाच्या पाण्याची टाकी किती उंच घ्यायची? जिना गच्चीवर येतो तिथं खोली आहे, तिच्या डोक्यावर ठेवली तर चालेल का? सोलर त्या खोलीच्या मागं बसवायचा विचार आहे, म्हणजे रस्त्यावरून दिसणार नाही.

पान्हा-पक्कड (परभणी)

टाकी जिन्याच्या खोलीवरच घ्या, उत्तम जागा. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूट-दीड फूट तरी वर पाहिजे. गरम पाणी काही पंप ढकलत नाही, वरचं गार पाणीच त्याला ढकलतं. म्हणून तर वरची टाकी रिकामी झाली की सोलरमध्ये दोनशे लिटर गरम असूनही नळाला थेंब येत नाही, आणि लोक मला फोन करतात की सोलर बिघडला. गार पाण्याच्या पाइपला एकाच दिशेनं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह टाका, नाहीतर गरम पाणी उलटं वर जातं. हवेचा पाइप त्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच न्या आणि त्याचं तोंड कधीच बंद करू नका. त्याला टोपण लावणारे महाभाग आहेत.

प्रेशर पंप या प्रकारच्या टाकीला लावू नका. ती टाकी दाबासाठी बनवलेली नसते. हवेच्या पाइपातून पाणी उडतं, नळीच्या रबरातून गळतं, टाकी फुगते. नुसत्या गारच्या लाइनला पंप लावला तर आणखी मजा, मिक्सरमधून गार पाणी गरमच्या पाइपात घुसतं आणि गरम येतच नाही. शॉवर धो धो पाहिजेच असेल तर प्रेशरची टाकी घ्यावी लागेल. इंजिनिअर साहेबांना विचारा, वरच्या मजल्यावर शॉवर कोण घेणार आहे? पाणी आठ दिवसाला येतं ना?

जागा मात्र मागची असली तर ती कोणत्या दिशेला येते ते बघा. नळ्यांचं तोंड दक्षिणेला पाहिजे. खोली दक्षिणेला आणि सोलर तिच्या उत्तरेला आला तर हिवाळ्यात तो सावलीत जाईल. डिसेंबरात लातूरला भर दुपारीसुद्धा सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही. दहा फूट भिंतीची सावली नऊ फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. आत्ता उन्हाळ्यात गच्चीवर उभं राहून बघाल तर सावली पायाखाली दिसेल, तिला फसू नका. रस्त्यावरून दिसला तर दिसू द्या, लाजायचं काय त्यात?

पाइप गरमला सीपीव्हीसीच. साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्यानं वाकतो. पाऊण इंची सीपीव्हीसीच्या वीस मीटरमध्ये पाच लिटर पाणी उभं राहतं, अर्धा इंचीत त्याच्या निम्मं. म्हणून उभा पाइप पाऊण इंची आणि पुढच्या फांद्या अर्धा इंची. गच्चीवरच्या पाइपाला काळं फोमचं आवरण घाला आणि त्यावर उन्हापासून काहीतरी गुंडाळा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो.

औसा रोड (लातूर)

खोली दक्षिणेलाच आहे. बरं झालं विचारलं. सोलर आता पुढं, रस्त्याच्या बाजूला.

ठरलं मग. नळ्यांचा २००, मुलाम्याची टाकी, नळाच्या पाण्याची वेगळी टाकी, पंप नाही, खाली छोटा गीझर. हार्डनेसचा रिपोर्ट आला की इथं टाकतो. शेवटचं एक, नळी फुटलीच तर काय करायचं? आमच्याकडं वानरं येतात.

पान्हा-पक्कड (परभणी)

वानरं येत असतील तर नळ्यांवर जाळी मारा, बारीक तारेची नको, मोठ्या घरांची, म्हणजे सावली पडणार नाही. एक नळी फुटली तर त्या भोकातून सोलरची टाकी तर रिकामी होतेच, वरची हजार लिटरची टाकीही वाहून जाते. म्हणून सोलरकडं जाणाऱ्या गार पाइपला हाताला येईल असा एक कॉक गच्चीवरच ठेवा आणि तो घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, बाबांनासुद्धा. खरेदी करतानाच दोन नळ्या आणि रबरं जास्तीची मागून घ्या. नळीच्या बंद टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत भाग असतो. तो पांढरा पडलेला दिसला तर नळी फुटलेली नसली तरी तिची हवा गेलेली आहे, ती बदला. बिलावर सही करायच्या आधी प्रत्येक नळीचं टोक तेवढं बघून घ्या.

गावाला गेलात तर टाकी भरलेली ठेवून नळ्या झाकून जा. रिकाम्या नळ्या उन्हात कधीच ठेवायच्या नाहीत. तापलेल्या कोरड्या काचेत गार पाणी गेलं की तडकते, मग वॉरंटीवाला म्हणतो तुमची चूक. बसवायला माणसं दुपारी आली तर स्टँड आणि टाकी तेवढी लावून घ्या. २०० चा भरलेला सोलर तीनशे किलोच्या आसपास जातो, तर स्टँडचे पाय स्लॅबवर नुसते ठेवू देऊ नका, खाली बीम कुठून जातो ते इंजिनिअरला विचारून सिमेंटचे ओटे करून घ्या. नळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत लावायच्या आणि लगेच पाणी भरायचं.